काकीची सुट्टी

जत्रेतल्या त्या सोंगासाठी मिल्ट्रीतात्यांनी आपली वर्दी हौसेनं दिली होती, असं गाव आजही मानतं. तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे. 'देशभक्तीचं नाटक आहे' असं सांगून मी ती मागून नेली, हे आजवर मी बायकोलाही बोललो नाही. आता वेशीवर तात्यांच्या नावाची कमान उभी राहतेय आणि स्मरणिकेसाठी 'चार गोड शब्द' लिहा, असा मला निरोप आलाय. गोड शब्द माझ्याकडे नाहीत.

तात्या आमच्या भावकीतले. फौजेतून हवालदार होऊन आले. पण मला आधी आठवते ती त्यांनी घातलेली वेणी. सकाळी ओट्यावर दोन्ही मुलींना पुढ्यात बसवून ते अशा घट्ट वेण्या घालायचे, की पोरींचे डोळे ताणले जायचे. "तात्या, दुखतंय!" धाकटी ओरडायची. "दुखू दे. शाळा सुटंस्तोवर केस हालला न्हाई पायजे," असं म्हणून ते लाल रिबिनीची गाठ मारायचे. त्या रिबिनी काष्टीच्या बाजारातून ते स्वतः आणायचे, रंग पारखून.

बांगलादेशची लढाई संपवून ते आले, तेव्हा याच गावानं एस.टी.पासून ताशा लावून त्यांची मिरवणूक काढली. हारांत त्यांचं तोंड दिसत नव्हतं. काही दिवसांनी ते पेन्शनवर कायमचे घरी आले आणि चुलीपुढे बसले. मग मात्र गावाचं तोंड वाकडं झालं. बंदूक धरणारा हात गावाला चालत होता. लुगडं पिळणारा चालत नव्हता.

तात्यांच्या बायकोचे, आमच्या काकीचे, हात तोवर कामातून गेले होते. तात्या फौजेत असताना नांगरट, खुरपणी, मोट, म्हातारे सासू-सासरे, पोरींची आजारपणं, सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं. बोटं इतकी आखडली होती, की भाकरी थापताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पारावर कुणी डिवचलं, "काय मिल्ट्री, आज भाकरी कुनी केल्या?" की तात्या शांतपणे म्हणायचे, "म्या केल्या. येतो का खायाला? मी सीमेवर हुतो तवा हितली ड्युटी हिनं एकटीनं केली. मला वरसातनं सुट्टी तरी मिळायची. हिला कवा मिळाली? आता हिची सुट्टी हाय."

काकी लाजायची, पण त्या वर्षात तिच्या अंगावर जरा मांस चढलं. ओट्यावर बसून हसणारी काकी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

बहात्तरचा दुष्काळ होता. बायकांच्या रांगेत उभं राहून तात्या डोक्यावर हंडा घेऊन यायचे. "अवो, कावड तरी घ्या, बाईमानसावानी काय डोक्यावर!" एकीनं टोकलं, तर म्हणाले, "कावड झोके खाती वयनी, पानी सांडतं. असल्या दिसांत लाजंपायी पानी सांडू व्हय?"

पुढच्या चैत्रात जत्रा आली. मी अठरा वर्षांचा, गावातला नंबर एकचा नकलाकार. पारावरच्या मोठ्या माणसांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मी वर्दी मागितली, तेव्हा तात्यांनी ती तांब्यात निखारे घालून इस्तरी केली, पट्ट्याचं पितळ घासलं आणि माझ्या डोक्यावर टोपी ठेवून म्हणाले, "ताठ ऱ्हा. हिच्यात वाकायचं नसतं."

नाटक देशभक्तीचं आहे म्हणून ते काकीला आणि मुलींना घेऊन पुढे बसले होते. मी त्यांच्या वर्दीवर पदर घेतला, कमरेत मुरडलो, परातीत भाकरी थापली आणि सॅल्यूट ठोकून विचारलं, "बाईसाहेब, लुगडं वाळत घालू का?" लोक गडाबडा लोळले. ज्यांनी मिरवणुकीत हार घातले, तेच शिट्ट्या मारत होते. तात्या उठले नाहीत. काकी उठली, पोरींना घेऊन गेली.

सकाळी वर्दी परत करायला गेलो. चुलीपुढे काकी होती. तात्या तिच्या हातातली परात ओढत होते आणि ती सोडत नव्हती. "लोकं तुमाला हसत्यात. मला न्हाई बघवत. तुमी भाईर बसा," ती म्हणाली. रणगाड्यांपुढून माघार न घेतलेला तो माणूस ओट्यावर येऊन बसला. वर्दी घेऊन मला एवढंच म्हणाला, "नक्कल बरी केली. टोपी तेवढी वाकडी झाल्ती."

शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो.

काकीनं नंतर त्यांना चुलीपाशी फिरकू दिलं नाही. वाकड्या बोटांनी भाकरी थापत राहिली, आणि हंडाही तिनंच उचलला. चोरून मदत करायला गेले तरी दार लावून घ्यायची. तात्या मरेपर्यंत धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, काय ऐट आहे हवालदाराची!

आणि आता कमान! शिट्ट्या मारणारेच वर्गणी गोळा करतायत. कमानीवर बंदूक कोरणार आहेत. कोरायचीच तर परात कोरा. लढाई त्यांनी एकट्यानं जिंकली नव्हती. घरात मात्र ते एकटे लढत होते, आणि तिथं त्यांना आपण हरवलं. मी पुढे होतो, तुम्ही मागे होतात.

काकी अजून आहे. समारंभात तिला साडी-चोळी देणार म्हणे. ती घ्यायला तिची बोटं उघडत नाहीत, हे कुणी पाहिलंय का? तात्यांनी तिला दिलेली सुट्टी मी मोडली. ती परत देणं माझ्या हातात नाही. तिच्यापुढे उभं राहून, सगळ्या गावादेखत, माफी मागणं माझ्या हातात आहे. ती मी अजून मागितलेली नाही.