मागच्या बाई

“शाळा समजून घ्यायची तर तिथे कंटाळा येईपर्यंत बसावं लागतं,” असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

त्या स्वतः तसंच बसायच्या. शिक्षणावर संशोधन करणं हे त्यांचं काम. म्हणजे कुणाच्यातरी वर्गात, शेवटच्या बाकावर, गुडघे मुडपून तासचे तास काढायचे. मागे बसायचं ते मुलांचं लक्ष जाऊ नये म्हणून. आपण नसल्यासारखं असायचं, ही त्या कामाची शिस्त, आणि ती बाईंच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरीसुद्धा त्या कोपऱ्यातली खुर्ची धरायच्या. नवरा म्हणायचा, “जरा पुढे ये, आम्ही परीक्षेला बसलेलो नाही.” शाळेतली मुलं त्यांना मागच्या बाई म्हणत. आमच्या संशोधन संस्थेत त्यांचं नाव आत्याबाई होतं. जिथे जातील तिथे खोड काढतील असं आम्हाला वाटायचं. तसं काही नव्हतं. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात येत नसे, पण त्या वर्षी नेमकं तेच त्यांच्या हातून होऊ घातलं होतं.

एका शाळेत गणिताचे दोन वर्ग त्या वर्षभर बघत होत्या. एकात गलका. दुसऱ्यात, एका अबोल शिक्षिकेच्या वर्गात, चिडीचूप. शिक्षिका फळ्यावर गणित घालायची आणि तशीच फळ्याकडे तोंड करून थांबायची. मग वळून विचारायची. एकही हात वर होत नसे. बाईंनी अहवालात लिहिलं की या वर्गात मुलांचा सहभाग नाही. शाळा चालवणाऱ्या मंडळींना एवढं निमित्त पुरेसं होतं. शिक्षिकेकडून वर्ग काढून घ्यायचा आणि तिला कार्यालयात बसवायचं असं घाटत होतं. बैठकीत बाईंनी अहवाल वाचला की झालं.

शिक्षिकेनं भांडण काढलं नाही, तेच बाईंना जड गेलं. जिन्यात गाठ पडली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असेल. माझा वर्ग मुका आहे हे मलाही पटत चाललंय.”

त्या दिवशी जेवताना बाई ताटातला भात नुसता चिवडत होत्या. लेकीनं खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या की एका बाईनं माझं म्हणणं निमूट मान्य केलंय. नवरा म्हणाला, या घरात असा प्रसंग तुझ्यावर अजून आलेला नाही. एरवी त्या हसल्या असत्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्या शेवटचा तास बघायला गेल्या. मागच्या बाकाचा पाय निखळल्यामुळे तो सुताराकडे गेला होता. बसायला जागा एकच, फळ्याशेजारी खिडकीखालचं स्टूल. बाई नाइलाजानं तिथे बसल्या, मुलांकडे तोंड करून. भलत्याच घरात शिरल्यासारखं त्यांना वाटलं.

शिक्षिका फळ्याकडे वळली आणि वर्ग सुरू झाला. ओठ हलायला लागले. एका मुलीनं भुवई उडवून शेजारणीला विचारलं. शेजारणीनं डोळ्यांनीच नाही म्हटलं आणि बाकाच्या कडेखाली बोटं मोजून दाखवली. एकजण कपाळ आकसून आकडे पुटपुटत होता. उत्तर सापडलं तसा त्याचा चेहरा उघडला. शिक्षिका वळली, आणि सगळे चेहरे पुन्हा मिटले.

समोर उभी राहून शिक्षिका फळा बघत होती आणि बाई मागून वर्षभर माना. मधले एवढे चेहरे कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. बाईंना हसू फुटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

त्यांनी उठून शिक्षिकेला स्टुलावर बसवलं, पुढचं गणित स्वतः फळ्यावर घातलं, आणि पाठ करून उभ्या राहिल्या. शिक्षिका बघत राहिली.

“ही मुलं रोज असं करतात?” तिनं अगदी हळू विचारलं.

“रोजच करत असणार,” बाई म्हणाल्या. “आपण दोघी चुकीच्या टोकाला होतो.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत बाईंनी अहवाल वाचलाच नाही. मी वर्षभर मुलांच्या माना बघितल्या आणि त्यावरून त्यांच्या तोंडांविषयी लिहिलं, असं त्यांनी सांगून टाकलं. पुढे बसल्यावर काय दिसलं तेही सांगितलं. आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. याच अभ्यासावर बाईंची बढती व्हायची होती. मागे बसायचं कुणी ठरवलं, असं प्रमुखांनी विचारलं. मीच, असं बाई म्हणाल्या. शाळेचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, मग त्या शिक्षिकेविरुद्ध आमच्याकडे उरलं काय?

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “वर्ग तिचाच आहे.”

अध्यक्षांनी मान डोलावली आणि विषय मिटवला. चहा आला. प्रमुखांनी बाईंकडे झुकून विचारलं, “बढती स्वतःच्या हातानं घालवलीत. वाईट नाही वाटत?”

बाईंना वाटायला हवं होतं. शोधून पाहिलं तर सापडेना. मनातली एक खोली रिकामी झाली होती आणि तिथे नुसता उजेड पडला होता. त्यांनी पर्स खांद्याला अडकवली, अहवाल टेबलावरच राहू दिला आणि दाराबाहेर पडल्या.