बसवाल्या प्रभाताई आणि माँटगोमेरीचा शनिवार

इंगोलश्टाटच्या मराठी मंडळात प्रभाताई सबनीसांची ओळख दोन प्रकारे करून दिली जाते. नवरा शेजारी उभा असेल तर "हरीशरावांच्या मिसेस" अशी, आणि तो जरा लांब गेला की "त्या हो, बस चालवतात त्या" अशी. प्रभाताईंना दुसरी ओळख जास्त आवडते.

हरीश सबनीस पुण्याहून इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, त्याला वीसेक वर्षं झाली. पाठोपाठ प्रभाताई आल्या, कडेवर लहानगी इरा. पुढची बरीच वर्षं इराची शाळा, जर्मनचे क्लास आणि एका किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, स्वयंपाकघरातलं अर्ध्या दिवसाचं काम यात गेली. मोटार चालवायला त्या शिकल्या पंचेचाळिशीला टेकल्यावर. झालं असं, की थंडीत सायकलवरून भाजी आणताना त्या बर्फावर घसरल्या, आणि पिशवीतले बटाटे उतारावरून असे सुटले की थेट डोनाऊ नदी गाठतील असं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन, गुडघ्याला बर्फ लावत त्यांनी जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

शिकवणारा एक बव्हेरियन म्हातारा होता. प्रभाताई वळण इतकं ऐसपैस घ्यायच्या की तो एकदा वैतागून म्हणाला, "फ्राऊ सबनीस, ही छोटी गाडी आहे. तुम्ही बस वळवल्यासारखी वळवताय."

तो चेष्टेत बोलला. प्रभाताईंनी मनावर घेतलं.

शहरातल्या बसच्या पाठीवर तेव्हा मोठी जाहिरात लागलेली असायची, ड्रायव्हर हवेत, शिकवायचं काम आमचं. प्रभाताईंनी अर्ज केला आणि बोलावणं आल्यावरच घरात सांगितलं.

"बस?" हरीशराव म्हणाले. "अगं, मंडळात काय सांगायचं?"

"सांगा, बायको बस चालवते."

"लोक हसतील, प्रभा."

"हसू देत. हसत हसत बसमध्ये चढतील."

हरीशरावांची सगळी भिस्त आता कोथरूडच्या आईवर होती. आई ओरडेल, मग प्रभा ऐकेल. सासूबाईंना फोन लागला. "आई, मी बस चालवायचं काम घेतलंय," प्रभाताईंनी एका दमात सांगून टाकलं.  पलीकडून स्नेहलताबाईंचा खणखणीत आवाज आला, "ड्रेस देतात का गं?"

"हो आई, निळा."

"मग फोटो पाठव. आणि मफलर घालत जा, ड्रायव्हरला वारा फार लागतो."

हरीशरावांनी चष्मा काढून पुसला. विषय मिटला होता. तरी पुढे कित्येक वर्षं चारचौघांत बायकोच्या कामाचं विचारलं की ते म्हणायचे, "ती ट्रान्सपोर्टमध्ये आहे." खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. प्रभाताई ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या.

कामावर मात्र त्या मजेत होत्या. दोन डब्यांची ती लांबलचक जोडबस बाजारातल्या अरुंद वळणावरून अलगद काढली की त्यांना पुरणपोळी न फुटता उलटल्याचं समाधान मिळायचं. समोरून दुसरी बस आली की दोन्ही ड्रायव्हर स्टिअरिंगवरून बोटं उचलून एकमेकांना रामराम करतात, तेही त्यांना फार आवडायचं.

एका रविवारी मात्र एक गंमत झाली. शहराबाहेरच्या थांब्यावर एक गृहस्थ उभे होते. दार उघडलं, त्यांनी प्रभाताईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, "मी पुढच्या बसने येईन" म्हणाले आणि मागे सरकले.  प्रभाताई दार लावून निघाल्या. आता त्या गृहस्थांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. रविवारी त्या मार्गावर एकच बस असायची. प्रभाताई पूर्ण फेरी मारून परत आल्या तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि गृहस्थ तिथेच उभे होते, निथळत. दार उघडलं. त्यांनी पाहिलं, खाली बघितलं, "ग्र्यूस गॉट" असा तिकडचा नमस्कार पुटपुटले आणि आत येऊन बसले.

"ग्र्यूस गॉट," प्रभाताई म्हणाल्या, आणि हीटर थोडा वाढवला.

घरी हा किस्सा त्यांनी हसवून सांगितला. हरीशराव हसले. इरा हसली नाही. ती तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होती. तिने आईला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराची गोष्ट सांगितली, निम्मी जर्मनमध्ये, निम्मी मोडक्या मराठीत. दक्षिणेतलं एक गाव. सत्तर वर्षांपूर्वीच्या तिथल्या बसमध्ये गोऱ्यांनी पुढे बसायचं, काळ्यांनी मागे. रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी बाई एका संध्याकाळी, ड्रायव्हरने सांगूनही, गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही. तिला अटक झाली आणि गावातली सगळी काळी माणसं वर्षाहून जास्त काळ बसमध्ये चढलीच नाहीत. पायी चालली. शेवटी कोर्टाला तो नियम मोडीत काढावा लागला.

"वर्षभर चालले?" प्रभाताईंनी विचारलं. "म्हातारी माणसंसुद्धा?"

"गेनाऊ, अगदी," इरा म्हणाली. "सगळे."

त्यामुळे गेल्या वर्षी इरा शिकायला अटलांटाला गेली आणि आईबाबा तिला भेटायला निघाले, तेव्हा काय काय पाहायचं यावर फार चर्चा झाली नाही. हरीशरावांना मत्स्यालय बघायचं होतं. प्रभाताई म्हणाल्या, "तेही बघू. पण आधी माँटगोमेरी."

शनिवारी सकाळी भाड्याच्या गाडीने तिघं निघाली. रस्ता सरळ, दोन्हीकडे पाइनची झाडं. माँटगोमेरी प्रभाताईंना वाटलं होतं त्याहून शांत निघालं. रुंद रस्ते, टेकाडावर पांढऱ्या घुमटाची सरकारी इमारत, तिच्या अगदी पायथ्याशी लाल विटांचं ते चर्च जिथे चळवळीच्या बैठका व्हायच्या, आणि फुटपाथवर ओळख ना पाळख तरी "गुड मॉर्निंग" म्हणणारी माणसं.

ज्या थांब्याजवळ ती अटक झाली तिथे आता संग्रहालय आहे. आत त्या काळच्या बसची हुबेहूब प्रत उभी केली आहे. इरा पाट्या वाचत राहिली, हरीशराव बसच्या बांधणीकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहू लागले. प्रभाताई ड्रायव्हरच्या खुर्चीसमोर थांबल्या.

तिथल्या एका पाटीवर त्यांनी वाचलं, की काळ्या उतारूंना पुढच्या दाराने चढून भाडं द्यावं लागायचं, मग खाली उतरून मागच्या दाराने आत यावं लागायचं. आणि कधी कधी ते मागच्या दाराशी पोचायच्या आतच ड्रायव्हर बस सोडून द्यायचा.

प्रभाताईंचा चेहरा लाल झाला. "भाडं घेऊन बस सोडून द्यायचा? अहो, धावत येणारं माणूस आरशात दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो! आणि ती बाई बसली होती तिथे बसू द्यायची. ब्रेक सोडायचा आणि बस पुढे न्यायची. दुसरं काय काम असतं ड्रायव्हरचं?"

शेजारून जाणारे दोन पाहुणे मराठी न कळताही थबकले.  हरीशराव या वेळी नेहमीसारखं "हळू बोल" असं म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर प्रभाताईंनी हट्ट धरला, की या गावच्या बसमध्ये बसल्याशिवाय मी जाणार नाही.

"अगं, गाडी आहे ना आपल्याकडे?"

"गाडीत रोज बसता. चला."

थांब्यावर बराच वेळ गेला, तेव्हा बस आली. ड्रायव्हर प्रभाताईंच्याच वयाची, धिप्पाड, काळी, हसरी बाई. तिच्या मागच्या पहिल्याच सीटवर जांभळी टोपी घातलेल्या एक आजी ताठ बसल्या होत्या. बाकी बस जवळपास रिकामीच. प्रभाताई चढल्या, आणि त्यांना राहवेना. त्यांनी फोनमधला आपला निळ्या ड्रेसमधला, जोडबसपुढचा फोटो काढून ड्रायव्हरपुढे धरला. "मी पण," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "जर्मनीत."

ड्रायव्हरने फोटो पाहिला, प्रभाताईंकडे पाहिलं, आणि असा काही हर्षाचा चीत्कार केला की मागे पेंगणारा एक उतारू दचकून जागा झाला. तिचं नाव वॉनेटा. "दोन डबे?" ती म्हणाली. "आणि तू एवढीशी! मिस ऑर्लीन, बघा तरी!"

तिकडे थोरल्या बाईलाही मानाने 'मिस' म्हणतात. टोपीवाल्या आजींनी फोन हातात घेतला. मग सरकून शेजारी जागा केली. "इथे बस," त्या म्हणाल्या. "पुढेच बस."

बस निघाली आणि मिस ऑर्लीन बोलू लागल्या. आई जिथे अडेल तिथे इरा तिला समजावून सांगत होती. बसवर बहिष्कार पडला तेव्हा मिस ऑर्लीन पाच-सहा वर्षांच्या होत्या. त्यांची आई नदीकडच्या एका घरात स्वयंपाकाला होती. रोज चालत जायची, चालत यायची. बुटांचा तळ फाटला की आत पुठ्ठा घालायची. पावसात पुठ्ठा भिजायचा, मग संध्याकाळी सगळी भावंडं मिळून नवा कापायची. "आम्हाला तो खेळच वाटायचा," त्या म्हणाल्या. "आई पाय गरम पाण्यात घालून बसायची आणि गाणी म्हणायची."

"आणि बस परत सुरू झाल्यावर?" प्रभाताईंनी विचारलं.

मिस ऑर्लीन हसल्या. "आईने मला रविवारचा फ्रॉक घातला. आम्ही पुढच्या दाराने चढलो, पहिल्या सीटवर बसलो. कुठे जायचं होतं? कुठेच नाही! शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मी खिडकीतून सारखी हात हलवत होते. राणीसारखी."

प्रभाताईंचे डोळे भरून आले, पण ओठांवर हसूच होतं. त्यांनी आजींचा हात धरला तो सोडलाच नाही. बोलता बोलता कळलं, की मिस ऑर्लीनना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली आहेत, आणि त्या चर्चच्या हॉलवर आपल्याच वाढदिवसाच्या जेवणाला निघाल्या आहेत. नातवंडं गाडी घेऊन येत होती, पण त्यांनी सांगितलं होतं, मी बसनेच येणार. "तुम्हीही चला," त्या म्हणाल्या.

"अमृतमहोत्सव!" प्रभाताई ओरडल्या. "अहो, यांना ओवाळायला पाहिजे!"

हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती, पोरं टेबलांखालून पळत होती आणि तळलेल्या माशांचा घमघमाट सुटला होता. प्रभाताई थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ताम्हणाऐवजी स्टीलची थाळी मिळाली, निरांजनाऐवजी वाटीत उभी केलेली केकची मेणबत्ती. तांदूळ होतेच. कुंकवाची डबी त्यांच्या पर्समध्ये असतेच. अंगठी बोटातली काढली. सुपारीपाशी गाडं अडलं. तेव्हा मिस ऑर्लीनच्या सुनेने कपाटातून एक अख्खा पिकान काढला, तिकडचा तो अक्रोडाचा भाऊ. "चालेल?" तिने विचारलं.

"पळेल," प्रभाताई म्हणाल्या.

मिस ऑर्लीनना खुर्चीवर बसवलं. पोरं टेबलांखालून बाहेर आली. प्रभाताईंनी कपाळाला कुंकू लावलं, टोपी सांभाळून अक्षता टाकल्या, अंगठी आणि पिकान ओवाळला, मग थाळी फिरवली. दिव्याचा उजेड त्या सुरकुतलेल्या, आनंदलेल्या चेहऱ्यावर हलत होता. कोणीतरी "आमेन" म्हणालं, आणि मग टाळ्यांचा नुसता कडकडाट.

जेवताना एका म्हाताऱ्या पाद्रीबुवांनी हरीशरावांना विचारलं, "तुमच्या मिसेस काय करतात?"

प्रभाताई बटाट्याचं सॅलड वाढून घेत होत्या. त्यांचा हात थांबला.

"बस चालवतात," हरीशराव म्हणाले. मग घसा खाकरून, जरा मोठ्याने, "दोन डब्यांची. अख्ख्या शहरातून. पावसात, बर्फात. मला तर आमच्या गॅरेजमधून छोटी गाडीसुद्धा धड काढता येत नाही!"

टेबलावर हशा पिकला. प्रभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते कान लाल करून मासा खाण्यात गुंतले होते. प्रभाताईंनी त्यांच्या ताटात सॅलडचा एक मोठा डाव वाढला.

जेवण झाल्यावर गाणी सुरू झाली आणि बायकांनी प्रभाताईंना ओढलं. गाणं येत नव्हतं, पण फेर धरलेला दिसला की पावलं कशी टाकायची हे मंगळागौरी खेळलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी फुगडीला हात पुढे केले. मिस ऑर्लीनच्या दोन नाती तयार झाल्या, मग सुना, मग ड्यूटी संपवून आलेली वॉनेटाही. वॉनेटा आणि प्रभाताई एकमेकींचे हात धरून अशा गरगर फिरल्या की इराला व्हिडिओ काढता काढता हसू आवरेना.

तो व्हिडिओ कोथरूडला गेला. स्नेहलताबाईंनी तो सोसायटीत सगळ्यांना दाखवला आणि कळवलं, की फुगडी बरी आहे, पण पाठ ताठ ठेव.

मिस ऑर्लीनचा फोन आता दर रविवारी येतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पासपोर्ट काढला आहे. मे महिन्यात नातीला घेऊन त्या इंगोलश्टाटला येणार आहेत. प्रभाताईंनी रजा मागितली आहे, पण सगळे दिवस नाही. दोन दिवस मुद्दाम कामाचे ठेवले आहेत, मिस ऑर्लीनना आपल्या जोडबसच्या पहिल्या सीटवर बसवायला. हरीशरावांनी पाहुण्यांची खोली स्वतः रंगवायला काढली असून, भिंतीला कोणता रंग द्यायचा यावर सध्या घरात जोरदार वाद चालू आहे. हरीशराव पांढरा म्हणतात, प्रभाताई टोपीसारखा जांभळा.