नैवेद्याआधीची भाकरी

शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला की अजून माझा घास अडतो. सत्तरच्या दशकातला, सोलापुरातला तो रविवार. चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन मी घरी आलो, तेव्हा गळ्यात आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग नव्हतं. अव्वानं, म्हणजे आईनं, त्या मोकळ्या गळ्याकडे एकदाच पाहिलं आणि गरम भाकरी नि चटणी वाढली. मी ताट सरकवलं. म्हणालो, "देवाला दाखवलेलं आता मला चालत नाही." "न्हाय दावलं रं लेकरा. तुझं आधीच काढलंय. खा की." नैवेद्य झाल्याशिवाय तिनं जन्मात कुणाला घास वाढला नव्हता, आणि आज तो नेम माझ्यासाठी मोडला होता. देव्हाऱ्यापुढचं ताट रिकामं होतं, ते मला दिसतही होतं. तरी मी म्हणालो, "खोटं बोलतेस," आणि उपाशीच उठलो. मी पक्का ख्रिस्ती झालोय हे कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि समोर तीच होती. त्या दिवशी तीही जेवली नाही. आता ती नाही. पुढे चर्चमध्ये मी कितीजणांना मन पालटणं म्हणजे काय ते समजावलं, पण ही भाकरी कुणाला सांगितली नाही.