पाटीवर प्रश्नचिन्ह नव्हतं

त्याला सगळे पेंटर म्हणायचे. घरं रंगवणारा नव्हे, अक्षरं रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरचे नंबर, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ‘येथे वाहने उभी करू नयेत’. तीस वर्षं हेच. छापील फलक आले तशी कामं निम्म्यावर आली, पण अक्षराची पारख असलेले लोक अजून त्यालाच शोधत यायचे. सूत ताणून, खडूची रेघ मारून, श्वास रोखून तो ब्रश असा ओढायचा की रस्त्याने जाणारा माणूस दोन मिनिटं थांबायचाच.

हातात जेवढा संयम होता, तेवढा मात्र तोंडात नव्हता. चर्चमध्ये त्याला प्रार्थनेला उभं केलं की मागच्या बाकावरच्या बायका पायांतल्या चपला हळूच काढून ठेवायच्या, कारण आता बराच वेळ बसायचं आहे हे त्यांना ठाऊक असायचं. आजाऱ्यांपासून सुरुवात करून प्रवासी, परीक्षार्थी, पेन्शनर, सगळ्यांना घेत घेत तो ‘आमेन’ला पोचायचा. मनाने मात्र निर्मळ. देवावर त्याचा विश्वास पक्का होता, आणि पक्की गोष्ट मोठ्याने सांगायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं.

बायको एका दाताच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलावर बसायची. वेळा द्यायच्या, नावं पुकारायची, आणि मुख्य काम म्हणजे घाबरलेल्यांशी बोलत राहायचं. निम्मी दाढ तिच्या बोलण्यानेच निघते, असं डॉक्टर स्वतः म्हणायचे. घरीही तिचा पट्टा चालू असायचा. नवरा-बायको दोघंही बोलके, त्यामुळे एकुलती एक लेक अबोल निघाली. तिला बोलायला संधीच मिळाली नाही, असं सगळे गमतीने म्हणत.

एका मंगळवारी बायको म्हणाली, “अहो, पायाला सारख्या मुंग्या येतायत.”

“नवीन चपला चावत असतील,” पेंटर म्हणाला.

बुधवारी तिच्या हातातून पेन गळून पडलं. गुरुवारी कप उचलवेना. शुक्रवारी दवाखान्याच्या दारातच तिचे गुडघे दुमडले आणि ती फुटपाथवर बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीतून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथून पेंटरला फोन केला. तो शिडीवर होता. अर्धं अक्षर तसंच सोडून तो निघाला. असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि लेकीला समोर बसवून नीट सांगितलं. शरीराची जी फौज रोगाशी लढते, तीच चुकून आपल्याच नसांवर तुटून पडली आहे. पायांपासून वर सरकत जातं हे. बहुतेक माणसं यातून बरी होतात, पण आधी आणखी बिघडणार, आणि मग सुधारायला महिने लागणार.

“श्वासापर्यंत जाईल का?” लेकीने विचारलं.

“जाऊ शकतं.”

पेंटरने फक्त ‘बरी होतात’ एवढंच ऐकलं. बाहेर येऊन त्याने भावाला, शेजाऱ्यांना, चर्चच्या पाळकांना, सगळ्यांना फोन केले. “तीन दिवसांत उठून बसते की नाही बघा. प्रभू आहे.”

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली नाही. तिचा श्वास अडखळू लागला आणि तिला मशीनवर घेतलं. घशात नळी, हातपाय निपचित. दिवसभर बोलणाऱ्या त्या बाईच्या अंगात फक्त डोळे आणि पापण्या हलत होत्या.

अतिदक्षता विभागात भेटायची वेळ सकाळी अकरा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सहा. पेंटर दोन्ही वेळा हजर असायचा. हात धुवायचा, हिरवा गाऊन चढवायचा आणि तिच्या उशाशी उभा राहून प्रार्थना करायचा, नेहमीसारखीच लांबलचक. सिस्टरने सांगितलं होतं, “त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. पापणी एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.” पण हो-नाहीने काय भागणार? दुखतंय का, नाही. तहान लागली का, नाही. मग काय हवंय? तिचे डोळे इकडेतिकडे धावायचे आणि पेंटर पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागायचा.

चौथ्या दिवशी घरी जाताना त्याला एकदम सुचलं. अरे, आपण अक्षरंच तर काढतो!

पहिली पाटी त्याने पुठ्ठ्यावर केली. सिस्टरने ती दारातच परत पाठवली. औषधाने पुसता येणार नाही अशी वस्तू आत चालत नव्हती. दुसरी त्याने पांढऱ्या ॲक्रिलिकच्या तुकड्यावर केली, काळ्या ऑइलपेंटने, तीन बोटं उंचीची अक्षरं. ती आत गेली, पण कखगघ क्रमाने लावल्यामुळे नेहमी लागणारी बरीचशी अक्षरं खालच्या ओळींत जाऊन बसली होती. तिथपर्यंत पोचेस्तोवर तिच्या पापण्या थकायच्या. तीस वर्षांच्या पाट्या आठवून त्याने विचार केला, कुठली अक्षरं आपण सारखी काढतो? र, त, न, क, ल. तिसऱ्या पाटीत ती पहिल्या ओळीत आली. काना, मात्रा, वेलांट्या कडेला वेगळ्या. जोडाक्षरांना फाटा.

“पहिली ओळ?” तो बोट ठेवून विचारायचा. पापणी मिटली की त्या ओळीतलं एकेक अक्षर.

तिसऱ्या पाटीवरचा पहिला शब्द यायला आठ मिनिटं लागली. न. काना. क.

“नाक,” लेक म्हणाली. “आई, नाक? नाकाला काय झालं?”

पुढचं अक्षर ‘ख’ आलं तेव्हा दोघांच्या एकदम लक्षात आलं. पेंटरने घाईघाईने तिचं नाक खाजवलं. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, शेंड्यावर. तिने डोळे मिटले, आणि आठवड्यात पहिल्यांदा ते निवांत मिटलेले दिसले. आठवडाभर बिचारीचं नाक खाजत होतं आणि नवरा डोक्याशी उभा राहून पेन्शनरांसाठी प्रार्थना करत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रार्थना आटोपली आणि पाटी पुढे धरली. आजचं वाक्य लांब होतं. अर्धा तास गेला. लेक कागदावर उतरवून घेत होती. शेवटी तिने वाचलं, आणि तोंडावर हात दाबून ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे गदगदत होते. रडते की काय म्हणून पेंटर घाबरला. त्याने कागद हातात घेतला.

‘पारथना छोटी करा.’

हा किस्सा त्याने स्वतःच रविवारी चर्चमध्ये सांगितला. लोक हसले, आणि हसता हसता बऱ्याच जणांचे डोळे भरून आले.

पण पुढच्या बुधवारी तिचा रंग उतरलेला होता. अंगात ताप. छातीत संसर्ग उतरला होता, आणि अशक्त माणसाला तो झेपेल की नाही याबद्दल डॉक्टरीणबाई नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. सकाळच्या भेटीत लेक नव्हती, पेंटर एकटाच होता. बायकोच्या पापण्या जडावलेल्या, तरी नजर पाटीवरच. त्याने पाटी धरली.

‘भीती.’

मग जरा थांबून, ‘देव आहे इथे.’

पेंटर बघतच राहिला. ती सांगत होती की विचारत होती? पाटीवर प्रश्नचिन्ह नव्हतं. त्याने काढलंच नव्हतं. पूर्णविरामसुद्धा काढला होता पठ्ठ्याने, पण प्रश्नचिन्ह त्याच्या डोक्यातच आलं नाही. सांगत असेल तर प्रश्नच मिटला. पण विचारत असेल तर? तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळली होती.

“हो,” तो म्हणाला. “आहे. इथेच आहे.”

तिने डोळे मिटले. तेवढ्यात बारा वाजले आणि सिस्टरने त्याला बाहेर काढलं.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने हात जोडले, आणि तोंडातून शब्द फुटेना. ‘हे देवबापा’ म्हटलं आणि पुढे काही नाहीच. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. रात्रंदिवस प्रार्थनेत रमणारा माणूस, त्याच्या तोंडाला जणू कुलूप लागलं. त्याला स्वतःचीच शरम वाटू लागली. तिच्यासमोर एवढं छातीठोकपणे ‘हो’ म्हणालो आणि बाहेर येऊन मुका झालो, हा कसला विश्वास?

शनिवारी म्हातारे पाळकसाहेब गुडघे चोळत चोळत जिना चढून आले. पेंटरने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

“माझ्याकडून प्रार्थना होत नाही, साहेब.”

“किती दिवस?”

“चार.”

“मग घ्या की चार दिवस सुट्टी.”

“प्रार्थनेची सुट्टी?”

“अहो, वीस वर्षं तुम्ही सगळ्यांच्या वाटचं बोललात. आम्हाला कुणाला तोंड उघडायला मिळालं नाही. आता जरा आम्ही बोलतो, तुम्ही नुसते बसा तिच्याजवळ.”

पेंटरला हसू आलं आणि रडूही. मग त्याने बुधवारची ‘देव आहे इथे’ची गोष्ट सांगितली.

“तुम्ही ‘हो’ म्हणालात ते खोटं होतं का?” पाळकांनी विचारलं.

“नाही. खोटं नव्हतं. पण आतून धडधडत होतं.”

“मग झालं तर. धडधडत म्हटलेलं ‘हो’ पण ‘हो’च असतं.”

त्या दिवसापासून चर्चमधले लोक अकरा वाजता आणि पाच वाजता, जिथे असतील तिथे, त्या दोघांसाठी प्रार्थना करू लागले. शिवणकाम करणारी बाई मशीनवरचा पाय काढायची. बसचा ड्रायव्हर सिग्नलला उभा असला तर तेवढ्यात दोन शब्द बोलून घ्यायचा, आणि सिग्नल लवकर सुटला तर पुढच्या सिग्नलला पूर्ण करायचा. पेंटर मात्र आत जाऊन गप्प बसायचा. बायकोचा हात हातात धरायचा. तिच्या बोटांना क्रीम चोळायचा. गंमत म्हणजे, गप्प बसल्यावर त्याला पहिल्यांदाच तिथे एकटं वाटेनासं झालं. का ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याच शनिवारी घरी येऊन त्याने सगळ्यात बारीक ब्रश काढला होता आणि पाटीच्या कोपऱ्यात एक प्रश्नचिन्ह रंगवलं होतं.

“पप्पा, आता हे कशाला?” लेकीने विचारलं.

“तिला विचारायचं असेल तर विचारता आलं पाहिजे ना.”

सोमवारी तिने विचारलं. ‘मरेन ?’

एक महिन्यापूर्वीचा पेंटर असता तर त्याने तिला अर्धा तास धीर दिला असता. आता तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “मला माहीत नाही गं. पण मी इथून हलणार नाही. आणि तोही नाही.”

तिने पापणी मिटली. एकदाच.

ताप नवव्या दिवशी उतरला. पेंटर तेव्हा तिचे केस विंचरत होता. सिस्टरने थर्मामीटर बघितलं, पुन्हा लावलं, आणि त्याच्या नाकासमोर धरलं. त्याच्या हातातला कंगवा खाली पडला. दहा दिवसांनी तिने खांदा उडवला. लेकीने विचारलं होतं, “आई, पप्पांनी वरण करपवलं, मी काय करू?” तर खांदा उडाला! लेक ओरडलीच. मग कोपर, मग मनगट. मशीन थोडा थोडा वेळ बंद ठेवू लागले. सातव्या आठवड्यात नळी निघाली आणि तिचा आवाज आला, घोगरा, खरवडलेला, जेमतेम ऐकू येईल असा. पहिलं वाक्य तिने सिस्टरला ऐकवलं, “तुमच्या रात्रपाळीच्या सिस्टर फार सुंदर गातात, त्यांना सांगा.” पाठोपाठ आणखी अकरा वाक्यं आली. सिस्टरने तिला दटावून गप्प केलं.

व्यायामाच्या वॉर्डात हलवल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत तिला बसवून पेंटरने एकदा विचारलंच.

“त्या दिवशी ‘देव आहे इथे’ म्हणालीस, ते सांगत होतीस की विचारत होतीस?”

“विचारत होते. काहीच जाणवत नव्हतं मला. नुसतं ते मशीन, फस्स फस्स.”

“आणि मी हो म्हणालो ते पटलं?”

“तुमचा चेहरा बघितला मी,” ती म्हणाली. “इतका घाबरलेला होता, की म्हटलं, एवढा घाबरलेला माणूस उगाच कशाला हो म्हणेल? त्याला काहीतरी दिसत असणार.”

पेंटर मान खाली घालून तिच्या बुटांची नाडी बांधत राहिला. तिच्या बोटांत अजून नाडी बांधण्याइतकी ताकद आली नव्हती.

घरी यायला पाच महिने लागले. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डाव्या पावलात अजून जोर नव्हता आणि व्यायामवाल्या बाईंनी बजावलं होतं, उचलून न्यायचं नाही, स्वतः चढू द्या, थकल्या की बसवा. पेंटरला चिंता पडली होती की बसवायचं कुठे.

रिक्षातून उतरून ती कठड्याला धरून उभी राहिली आणि वर बघू लागली. पहिल्या वळणावर लाकडी स्टूल होतं. त्याच्या पुढच्या वळणावर हात असलेली खुर्ची, कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलाची. त्यावर चपटी उशी. त्याच्याही वर एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची डोकावत होती. सगळ्या मजल्यांवरच्या लोकांनी आपापसांत ठरवून एकेक ठेवली होती आणि आता सगळे दारं लोटून आत बसले होते, तिला संकोच वाटू नये म्हणून. दारांमागून कुजबुज मात्र स्पष्ट ऐकू येत होती.

पहिल्या वळणावरच्या स्टुलावर ती दम खात बसली. पेंटर एक पायरी खाली उभा, लेक पिशव्या घेऊन मागे.

“अहो, खालच्या काकूंच्या दारात नवीन पायपुसणं आलंय,” ती धापा टाकत म्हणाली. “आणि हा कठडा कुणी रंगवला? फारच वाईट रंगवलाय.”

“तू बोलू नकोस, दम राखून ठेव,” पेंटर म्हणाला.

“पाच महिने राखलाय,” ती म्हणाली, आणि कठड्याला धरून पुढच्या खुर्चीकडे बघत उठली.