दादाचं कुरकुरणारं दार

भुताच्या पिक्चरमध्ये दार कुरकुरलं की सगळे दाराकडंच का बघतात? भूत काय खिडकीतून येत नाही? शाळेत हे गुरुजींना विचारलं, तर पाठीत धपाटा बसला. सातवीनंतर शाळाच सुटली. दादाला विचारलं, तर तो नुसता हसला. कुणी धड सांगितलं असतं, तर मी परवा जी माती खाल्ली ती खाल्ली असती का? ऐकाच आता!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कवठे येमाईत आमच्या घरी तो भाड्यानं व्हिडिओ आणायचा. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, गाव गोळा करायचं आणि भुताच्या बंगल्याचा पिक्चर सुरू! आमच्या दाराच्या बिजागऱ्या भयानक कुरकुरायच्या. ऐन वेळी ते दार बाहेरून हळूच ढकलायचं, हे माझं काम. बायाबापड्या किंचाळायच्या! एकदा मी जास्तीचा शहाणा, पांढरी चादर पांघरून आतच घुसलो. सगळे खो खो हसले.

"येड्या, भूत दाखवायचं नसतं," दादा म्हणाला. "नुसतं दार वाजवायचं. भूत ज्येचं त्यो घरनं घेऊन येतो."

म्हणून बिजागऱ्यांना तो कधी तेल घालू देत नसे.

यंदा दादा गेला. ताप आला, आणि चार दिवसांत गेला.

घर गप्प झालं. दार कुरकुरलं की वहिनी मान वर करायची. आमचे वडील, आबा, तेही मान वर करायचे. दारात कोण? मी! दोघांच्या माना परत खाली. दिवसातून वीस वेळा! सांगा, बघवेल का?

मला सुचलं की लगेच करायचं, विचार नंतर. ट्रॅक्टरचं काळंकुट्ट जळकं ऑईल आणलं, बिजागऱ्यांत ओतलं आणि त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला. दहाव्याला डोकं तुळतुळीत केलेलं. त्यात सांजचं गार वारं सुटलं म्हणून दादाची काळी घोंगडी पांघरली. दार ढकललं. काय दार उघडलं! आवाज म्हणून नाही!

वहिनी पाठमोरी तांदूळ निवडत होती. तिनं सहज मान वळवली.

"आई गंऽऽ! भूत!"

सूप उडालं, तांदूळ उडाले. आता माणसानं "मी हाय" म्हणावं की नाही? मला वाटलं, भूत माझ्या मागं उभं आहे! मी बोंब ठोकली आणि तिच्याकडंच पळालो. ती मागच्या दारानं बाहेर, तिच्या मागं मी, माझ्या मागं काठी घेऊन आबा! विहिरीपाशी वहिनी थबकली.

"भावजी? तुमी?"

"व्हय! पळा वहिनी, मागं हाय त्ये!"

"मागं आबा हायती!"

तोवर काठी पाठीत बसली होती.

वहिनी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "भावजी, दार व्हतं तसं करा. वाजलं की घडीभर वाटतं, ह्ये आलं. तेवढं ऱ्हाऊ द्या."

रजा संपली होती, दुसऱ्या दिवशी मला शहरात कंपनीत कामाला परत निघायचं होतं. पिशवी भरून ठेवली आणि रॉकेलनं बिजागऱ्या धुऊन काढल्या. चिंधीनं पुसल्या, वर चुलीतली राख चोळली. दार ढकललं.

कुर्रर्र.

आणि ढकलणारा मीच, तरी मान वर करून बघितलं, कोण आलं म्हणून!