कोऱ्या ओळीतलं पिवळं

"थांबा काकू, इथं कोनी तरी बसून राह्यलं."

असं म्हणून ती पडद्यावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवायची. तिथं काहीच नसायचं. मी चष्मा पुसून पाहायची, तरी काही नसायचं.

मेहकरात माझ्या पिठाच्या गिरणीशेजारी तिचं टायपिंगचं दुकान होतं. ऑनलाइन अर्ज परत आला की लोक तिच्याकडे धावत. नाव बरोबर, गाव बरोबर, तरी कॉम्प्युटर म्हणतो चूक! ती आधी बाणाचं बटण दाबत दाबत एकेका अक्षरावरून पुढे जायची. मधेच एकदा बटण दाबलं तरी पडद्यावरची लुकलुकती दांडी जागची हलायची नाही. म्हणजे तिथं अक्षर आहे, पण दिसत नाही. असली न दिसणारी अक्षरं असतात, बरं का. इथून तिथून मजकूर उचलून चिकटवला की सोबत येतात, आणि मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर तर त्यांची बटणंही असतात.

मोठा मजकूर असला की मग तिचा रेजेक्स. मी त्याला चाळणी म्हणायची, कारण मला तेच कळतं. शोधायच्या चौकटीत ती एक कंस टाकायची, कंसात आधी टोपीसारखी खूण. टोपी म्हणजे 'हे सोडून'. त्यापुढे आपली अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, मोकळी जागा. एवढं सोडून जे उरेल ते पिवळं होऊन वर यायचं. स्वच्छ दिसणाऱ्या ओळीत एकदम पिवळे ठिपके उमटले की माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा आमच्या गल्लीतले पूजा सांगणारे गुरुजी आपला अर्ज घेऊन आले. पिवळं पाहून दचकलेच.

"बाई, भूत आहे की काय यात?"

"भूत नाई गुरुजी, टॅब हाय. लांब जागा सोडाचं बटन."

"तीर्थ शिंपडू का?"

"कीबोर्डवर नका शिंपडू, बाकी कुठंबी शिंपडा!"

हसरी होती हो. पण तिची एक सवय मला भिववायची. बोलता बोलता मी थांबले की ती टक लावून पाहायची. "आता गप झाल्या ना काकू, तिथं काय होतं?" खरं सांगते, तिथं माझे गेलेले यजमान असायचे. हिला कसं कळायचं?

मग तिचा भाऊ गेला. दुसरबीडला राहायचा, टेम्पो चालवायचा. त्यानं आणलेलं स्थळ हिनं नाकारलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एका सकाळी हिच्या फोनवर त्याचा मेसेज आला. उघडला तर कोरा. दुपारी अपघाताची खबर आली.

सगळे म्हणाले, खिशात फोन दाबला गेला असेल. तेरावं झालं आणि तिनं तो कोरा मेसेज कॉम्प्युटरवर घेतला. चाळणी लिहिली, पण शेवटचं बटण तिच्यानं दाबवेना.

"तुमी दाबा काकू. रिकामा निंगाला तर तो माह्याशी न बोलताच गेला."

मी दाबलं. ओळभर पिवळं उमटलं. ठिपके, मग मोकळी जागा, पुन्हा ठिपके, पुन्हा जागा.

"जागा सोडून सोडून दाबलंय," ती हळूच म्हणाली. "खिशातला फोन जागा सोडते का?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे तिनं दुकान आवरलं आणि संग्रामपूरला कामाला लागली. अधूनमधून फोन करायची. म्हणायची, मी पन त्याले तसेच कोरे मेसेज पाठवते. आणि तिकडून दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे मेसेज कोणी तरी उघडून पाहिला. "वहिनीच उघडत असन. चांगली हाय माही वहिनी."

मलाही बरं वाटलं.

परवा मेहकरच्या बसस्टँडवर ती वहिनीच भेटली. मी म्हटलं, "नणंदेचे मेसेज उघडून पाहतेस, चांगलं करतेस गं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कुठून उघडू काकू? लॉक त्यायलेच ठाऊक होता. फोन नुस्ता कपाटात असते. पोट्टे चार्जिंगले लावतात, बाबाचा फोन वाजला पायजे म्हनून."

"पोरं उघडत असतील."

"त्यायलेबी नाई येत. कितीदा करून पाह्यलं. काऊन इचारता हो?"

दुसरबीडची गाडी लागली. तिची पिशवी मी खिडकीतून वर दिली.

"काही नाही गं," मी म्हटलं. "पोरांना फोन चार्ज करू देत जा."