गयाबाईच्या घरचं पाणी

उमरीला येऊन चार महिने झाले होते आणि मला इथे पाठवण्यात देवाचीच काहीतरी गफलत झाली, असं वाटू लागलं होतं. मी मूळची केरळची, मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सेवेला आलेली सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती जोगीण. मराठी शिकत होते, म्हणजे रोज तोंडावर पडत होते. वहीतलं मराठी कुणी बोलत नव्हतं आणि लोक बोलत ते वहीत नव्हतं. त्यात गयाबाईने दार लावून घेतलं.

गयाबाई जवळच्या खेड्यातल्या बौद्ध वस्तीतली म्हातारी. शुगरमुळे पायाची जखम चिघळलेली. रोज पट्टी बदलली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी घरी जायचे. तिची सून सुनीता तांब्याभर पाणी आणायची आणि मी पिशवीतली बाटली दाखवून म्हणायचे, "नको, माझं आहे." आमच्याकडे घरोघरी जिरं घालून उकळलेलं पाणीच पितात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाचव्या दिवशी सुनीता दारातूनच म्हणाली, "सासूबाई झोपल्यात." सहाव्या दिवशीही झोपलेल्याच. मला रागच आला. पाय तिचा, जाईना का, असंही मनात आलं. प्रार्थनेला बसले. एवढंच म्हटलं, मला जमत नाही, तूच बघ.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात स्कूटी पंक्चर झाली. ढकलत निघाले. वस्तीच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली तशी लिंबाखाली बसले आणि पिशवीत हात घातला, तर बाटली नाही. चार महिन्यांत मी ती एकदाही विसरले नव्हते. तेवढ्यात हापशावरून कळशी घेऊन सुनीता आली.

"पाणी देऊ का सिस्टर? का आमचं चालत न्हाई?"

कळशी खाली टेकवत ती शांतपणे म्हणाली, "आमच्या सासूनं लहानपणी लोकांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पेलंय. तुमी रोज नको म्हणायला लागलात, तिला तेच आठवलं."

लाजेने मेल्यासारखं झालं. प्रभूने विहिरीपाशी परक्या बाईकडे पाणी मागितलं, हे मी त्याच आठवड्यात प्रार्थनासभेत बायबलमधून अडखळत वाचून दाखवलं होतं. तेव्हाही माझी बाटली शेजारीच होती. "द्या," म्हणत मी ओंजळ पुढे केली.

"ओंजळीनं नको," सुनीता म्हणाली. "घरी चला, तांब्यानं प्या."

गयाबाई बाजेवर बसली होती. तिच्यासमोर मी दोन तांबे पाणी प्याले. माफीसाठी मराठी शोधत होते, तोवर तिने पातळ सारून पाय पुढे केला.

"प्यालीस? बांध आता."

एक बोट गेलं, पाय वाचला. बाटली त्या दिवशी टेबलावरच कशी राहिली, हे मी देवाला विचारलं नाही, आभार तेवढे मानले. मी द्यायला आले होते, आणि मागायला शिकेपर्यंत त्याने माझ्या हातून काही देऊ दिलं नाही. अजूनही त्या वस्तीत गेले की आधी पाणी मागते, मग पिशवी उघडते.